"माझं गणित कच्चं आहे" म्हणणारी मुलं आणि आपण : या चुका टाळा

"आमच्या घरात कुणालाच गणित जमलं नाही, हिला कुठून जमणार?" हे पाहुण्यांसमोर, पोरगी तिथेच बसलेली असताना बोलायचं, ही सगळ्यात कॉमन चूक. मग रात्री तिलाच "तू करू शकतेस गं, टेन्शन घेऊ नकोस" सुरू. त्याने फार फरक पडत नाही, कारण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुराने १९७७ मध्येच मांडलंय की "मला जमेल" हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो स्वतः केलं आणि जमलं यातून, नुसता दिलेला धीर पुढच्या चुकलेल्या गणितापर्यंत टिकतो.

दुसरं म्हणजे "गणितात कॉन्फिडन्स आहे का?" असं मोघम विचारू नका. २०१२ च्या पिसा (PISA) या अनेक देशांत होणाऱ्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत १५ वर्षांच्या मुलांना नेमकं विचारलं होतं, ३०% सूट असेल तर टीव्ही किती स्वस्त पडेल, फरशीला किती चौरस मीटर टाइल्स लागतील, हे काढता येईल याची किती खात्री वाटते? ज्यांना खात्री जास्त त्यांचा स्कोअरही साधारणपणे जास्त होता. अर्थात खात्रीमुळे स्कोअर की स्कोअरमुळे खात्री, तर दोन्ही, त्यामुळे नुसता कॉन्फिडन्स वाढवून पेपर सुटेल असं कुणी क्लासवाला सांगत असेल तर फी जरा जपून भरा.

उलटा प्रकारही असतो. हजाराच्या ड्रेसवर २०% सूट, बिलिंगला वर आणखी १०%, किती द्यायचे? "सातशे, सोप्पंय!" हे उत्तर छातीठोकपणे येतं. लगेच "चूक" म्हणू नका, बिल करायला लावा: आधी ८००, मग १०% आठशेचे, म्हणजे ८० गेले, ७२० उरले. इथे पोरगं स्वतःच थांबतं आणि "अरे, दुसरी सूट हजारावर नाहीये" म्हणतं, हेच हवंय.

"किती हुशार आहेस!" पण टाळा. म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ च्या प्रयोगात हुशारीचं कौतुक झालेली मुलं अवघड कोडी अडल्यावर लवकर ढेपाळली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकली.

आणि मार्क चांगले असूनही "मला येत नाही" म्हणत असेल तर नाटक समजू नका, जपान-कोरियाची मुलं पिसात वरच्या नंबरात असूनही स्वतःला कमीच लेखतात. अशा मुलाला आणखी प्रॅक्टिस पेपर देऊ नका, त्यानेच बरोबर सोडवलेली जुनी गणितं काढा आणि कसं सुचलं ते त्यालाच सांगायला लावा.