शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याआधी : एमएस्सी आणि पीएचडीच्या बायोलॉजीवाल्यांसाठी

माझी शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, पण पैसे कधीच आले नाहीत. अर्ज बरोबर होता, कॉलेजच्या क्लार्कने पडताळणी करून पुढे पाठवला होता, पोर्टलवर मंजुरी दिसत होती. रक्कम मात्र अकरावीत उघडलेल्या एका जुन्या खात्याकडे गेली. ते खातं निष्क्रिय झालेलं होतं, त्यामुळे ती परत फिरली. मी तेव्हा डिसर्टेशनसाठी ओहोटीच्या वेळा बघून ऐरोलीच्या खाडीकाठी नमुने गोळा करायला जात होते, पोर्टल उघडून बघायला एप्रिल उजाडला. दुसऱ्या वर्षाची फी मावशीकडून उसनी आणली. ठाणे-नवी मुंबईतून यंदा अर्ज करणाऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहिते आहे.

सगळ्यात आधी आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी आधार बँक खात्याशी जोडणं. अर्जाच्याही आधी. सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतात तेव्हा बहुतेक वेळा तुम्ही फॉर्ममध्ये भरलेल्या खाते क्रमांकाला काही अर्थ उरत नाही. पैसे तुमच्या आधार क्रमांकाच्या मागे जातात. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार हाताळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव असेल, त्या बँकेत. एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते आणि सगळ्यात शेवटी जिथे संमती दिली ती बँक आधीच्या बँकेला बाजूला सारते. म्हणजे एखाद्या ॲपवर पाच मिनिटांत खातं उघडताना तुम्ही न वाचता एका चौकटीवर टिक केली, तरी नोंद तिकडे सरकू शकते.

बँकेत जाऊन "आधार लिंक आहे का?" एवढंच विचारू नका. मी तेच विचारलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी संगणकात बघून "हो, आहे" म्हटलं आणि मी घरी आले. त्यांनी सांगितलं ते खरंच होतं, पण ते केवायसीपुरतं होतं. डीबीटीसाठीचं सीडिंग वेगळं असतं आणि त्यासाठी संमतीचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. तेव्हा प्रश्न असा विचारा : "डीबीटीसाठी एनपीसीआयला मॅपिंग झालंय का?" आणि तोंडी उत्तरावर विसंबू नका. मायआधार पोर्टलवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस उघडा. तिथे बँकेचं नाव दिसतं आणि स्थिती सक्रिय आहे की नाही तेही. त्या पानाची प्रिंट काढून फाइलमध्ये लावा. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला हवा. बाबांचा जुना नंबर असेल तर आधी तो बदलून घ्या.

खातं जिवंतही हवं. दोन वर्षं तुमच्याकडून काहीच व्यवहार झाला नाही की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक ते निष्क्रिय करते. माझं असंच झालं होतं. शंभर रुपये भरा, शंभर काढा, पण खातं हलतं ठेवा.

आता कागद. आधार, गुणपत्रिका, बोनाफाइड, फीची पावती, फोटो : हे कुणी सांगायची गरज नाही. नाव तेवढं नीट तपासा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव गाळलेलं, असा प्रकार घरोघरी आहे. एखादं अक्षर वेगळं असलं तरी अर्ज अडकतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. पण तालुका बघून जा. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे तालुक्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात. पत्त्यावर नवी मुंबई लिहिलंय म्हणून खारघरची मुलं ठाण्याला येतात, ट्रान्स-हार्बरच्या गर्दीतून अर्धा दिवस घालवतात आणि मोकळ्या हातांनी परत जातात. दाखल्यावरची मुदतही वाचा, ती बहुतेकदा ३१ मार्चला संपते. अधिवास दाखला एकदाच काढायचा असतो, तो सुट्टीतच काढून टाका. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

ओबीसी असाल तर नॉन-क्रिमिलेअरचे नमुने दोन असतात, राज्याचा वेगळा आणि केंद्राचा वेगळा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलला राज्याचा चालतो, नेटसारख्या केंद्रीय परीक्षेला केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे ना, तेही पाहून घ्या. जून उजाडल्यावर दाखल्यामागे धावण्यात अर्थ नाही.

एमएस्सीला पैसे कुठून मिळतात? आधी महाडीबीटी. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा २.५ लाख रुपये. खुल्या प्रवर्गातल्यांनी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना बघावी, तिथे ही मर्यादा ८ लाख आहे. तुमचा अभ्यासक्रम आणि कॉलेज त्या योजनेत बसतं का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात प्रवेशाच्याच दिवशी विचारा. दुसरं, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल. तिथे यूजीसीची पदव्युत्तर शिष्यवृत्ती आहे : महिना १५,००० रुपये, वर्षातले दहा महिने, म्हणजे वर्षाला दीड लाख. देशभरात दहा हजार जागा आहेत आणि अर्ज पहिल्या वर्षातच करायचा असतो. आमच्या वर्गात निम्म्या मुलांना ही योजना दुसऱ्या वर्षी कळली. बायोटेक्नॉलॉजीवाल्यांनी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा द्यावी. जैवतंत्रज्ञान विभागाचा पाठिंबा असलेल्या एमएस्सीला तिच्यातून प्रवेश मिळतो आणि विद्यावेतनही. बारावीनंतर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळालेली असेल तर ती एमएस्सीतही चालू राहते : वर्षाला ८०,०००, त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पाचे. दरवर्षीचे निकाल वेळेवर अपलोड करा.

एकाच वेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या बहुतेक योजनांत चालत नाहीत. एक निवडा. आणि कुठलीही निवडली तरी पैसे आधारच्याच मागे येणार. सीडिंग बघितलं का? नसेल तर हे वाचणं थांबवून आधी बघा.

पीएचडीसाठी मोठा दरवाजा म्हणजे सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. वर्षातून दोनदा, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते. लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. भाग अ मधले १५ प्रश्न सोडवायचे, ब मधले ३५, आणि क मधल्या ७५ पैकी २५, प्रत्येकी चार गुणांचे. निम्मे गुण क मध्ये आहेत. तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही, प्रयोगाचा निकाल वाचता यावा लागतो. चुकीला गुण कापतात. तिन्ही भाग सारखे वाटून अभ्यास करू नका. आता निकाल तीन गटांत लागतो आणि फेलोशिप फक्त जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) गटाला मिळते. बाकीच्या दोन गटांत पात्रता मिळते, पैसे नाहीत. घरच्यांना हे आधीच समजावून सांगा.

जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झालात की ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा.

नेटवरच सगळी भिस्त ठेवू नका. जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी ही फेलोशिपची परीक्षा आहे. गेट परीक्षेचे एक्सएल (लाइफ सायन्सेस) आणि बीटी (बायोटेक्नॉलॉजी) हे पेपर आहेत, गुण तीन वर्षं चालतात. खारघरला, आपल्या दारात, टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे. कर्करोगावर काम करायचं असेल तर तिथल्या पीएचडी प्रवेशाची जाहिरात दरवर्षी बघत राहा. विद्यापीठात विषयात पहिले आलात तर इन्स्पायर फेलोशिपला अर्ज करा.

राज्याच्या संस्थाही आहेत : अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. पीएचडीची नोंदणी झाल्यावर त्यांच्या अधिछात्रवृत्तीला अर्ज करता येतो. नोंदणीची तारीख आणि गाइडचं पत्र हाताशी ठेवा. आईवडिलांची एकुलती एक मुलगी असाल तर यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप बघा. परदेशी जायचं असेल तर जे. एन. टाटा एंडोवमेंट मुंबईतच आहे, १८९२ पासून. मिळतं ते कर्ज असतं, फेडावं लागतं.

अर्ज भरल्यावर लॉगिन दर आठवड्याला उघडा. त्रुटी निघाली तर दुरुस्तीला दिवस मोजकेच मिळतात आणि एसएमएस येईलच असं नाही. कॉलेजकडून अर्ज पुढे गेला का ते विचारा, चारदा विचारावं लागलं तरी विचारा. मंजुरी दिसली म्हणून थांबू नका. पैसे खात्यात दिसेपर्यंत काम संपलेलं नाही. पोर्टलवर रिडीमचं, म्हणजे रक्कम खात्यात घेण्याचं, बटण दिसलं तर त्याच दिवशी दाबा. सीडिंग पुन्हा एकदा बघा, मध्ये कुठे नवीन खातं उघडलं असेल तर नक्कीच.

मुलाखत : स्वतःचं डिसर्टेशन नीट सांगता यावं, बाकीचं गाइडला विचारा.

जॉइनिंग : जेआरएफच्या पत्रावरची मुदत, मूळ कागद, साक्षांकित प्रतींचे दोन संच, रद्द केलेला चेक, आणि त्याच सकाळी काढलेली सीडिंग स्टेटसची प्रिंट.