सैन्यात नर्सिंग असिस्टंट व्हायचे असेल, तर आधी पाणी तपासायला शिका

लातूर-बीडकडची बारावी विज्ञान झालेली मुले सैन्यातील नर्सिंग असिस्टंटच्या भरतीबद्दल विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात इंजेक्शन, मलमपट्टी आणि स्ट्रेचर एवढेच असते. माझ्या सेवेचा मोठा भाग मात्र जवान आजारीच पडू नयेत म्हणून पाणी, संडासाचे चर, लंगर म्हणजे जवानांचे स्वयंपाकघर आणि मच्छरदाण्या तपासण्यात गेला.

मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात घागर भरली की माणूस सुटकेचा श्वास टाकतो. पाणी शुद्ध आहे का, हे विचारायचे टंचाईत सुचत नाही. ही सवय मला प्रशिक्षणात मोडावी लागली. पाण्याला किती ब्लीचिंग पावडर लागेल, हे हॉरॉक्स चाचणीने ठरवतात. तीत सहा पांढऱ्या कपांतील पाण्यात ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाचे एकापासून सहापर्यंत वाढते थेंब टाकतात, अर्धा तास थांबतात आणि मग क्लोरीन उरले असेल तर निळा रंग दाखवणारे स्टार्च-आयोडाइडचे थेंब घालतात. पहिला स्पष्ट निळा रंग तिसऱ्या कपात दिसला, तर ४५५ लिटर पाण्याला ६ ग्रॅम पावडर लागते. हा अर्धा तास कधीही कमी करू नका, कारण पावडरीतील क्लोरीनला पाण्यातील घाण आणि जंतूंवर काम करायला तेवढा वेळ लागतोच. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्या, नाही तर क्लोरीन गाळावरच खर्च होते. उघड्या राहिलेल्या डब्यातील पावडरीवर विसंबू नका. शेकडो जवान एकाच टाकीचे पाणी पितात, त्यामुळे तिथली चूक एका माणसापुरती राहत नाही.

हिवतापाचे काम अधिक चिकाटीचे आहे. लष्करी वैद्यकीय सेवेतील रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी सापडला तो सिकंदराबादेत, म्हणजे आपला मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता त्याच राज्यात. हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते. सूर्यास्तानंतर बाह्या खाली आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, हे रोज पाहावे लागते.

व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापात परजीवी यकृतात दडून राहतो. रक्तातल्या परजीवीवरचे क्लोरोक्विन ३ दिवसांत संपते, पण यकृतात दडलेल्यासाठी डॉक्टरांनी दिलेले प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. आमच्या तुकडीतील एक जवान ताप उतरताच रजेवर गेला, गोळ्या अर्ध्यावर सोडल्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा तापाने फणफणला. मी त्याला गोळ्या दिल्या होत्या, पण त्या पूर्ण का घ्यायच्या, हे समजावले नव्हते. तेव्हापासून रजेवर निघणाऱ्याला उरलेल्या गोळ्या मोजून देतो आणि चौदाव्या दिवशी त्याच्या घरी फोन करतो.