पावसाळी फवारणी : पिकावरची कीड आणि घरातला डास

पावसाळ्यात रसशोषक किडी आणि अळ्या पिकावर वाढतात, त्याच दिवसांत साचलेल्या पाण्यात डासही वाढतात, आणि फवारणी करावी की टाळावी हा वाद पुन्हा सुरू होतो. पीक व माणसे वाचवायची तर फवारणीला पर्याय नाही, हे म्हणणे जितके अर्धवट, तितकेच कीटकनाशक म्हणजे केवळ विष हेही. डीडीटी या रसायनाचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी शोधला आणि त्यासाठी त्यांना १९४८ चे नोबेल मिळाले. पुढे टिकाऊ विषारी रसायनांवरच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात त्याचा वापर रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरता मर्यादित झाला. शेतातली सरसकट फवारणी आणि घराच्या भिंतीवरचा मोजका थर यांत जगाने केलेला हा फरक वाद घालणारे सहसा विसरतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी अडचण वेगळीच आहे. मच्छरदाण्यांना अनेक वर्षे केवळ पायरेथ्रॉइड या कृत्रिम कीटकनाशकांच्या एकाच गटातील औषधे लावली जात होती, आणि डेल्टामेथ्रिनसारखी त्याच गटातील औषधे शेतातही वापरली जातात. ती वारंवार फवारली की द्रावणाचा अंश बांधालगतच्या डबक्यात जातो, तिथल्या डासअळ्यांपैकी ते सहन करणाऱ्या तेवढ्या उरतात, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांवर मच्छरदाणीचा असर कमी होतो. शिवाय हीच औषधे मित्रकीटकांना, म्हणजे किडी खाणाऱ्या कीटकांना, मारत असल्याने पांढरी माशी आणि पिकाचा रस शोषणारे बारीक कोळी (माइट) उलट वाढतात, म्हणजे फवारणीचा खर्चही वाया जातो.

म्हणून फवारणीचा दिवस पंचांग पाहून नव्हे, तर कीड मोजून ठरवावा. आठवड्यातून एकदा शेतात तिरपे फिरून निरनिराळ्या ठिकाणची झाडे पानांच्या खालच्या बाजूसह तपासावीत, कामगंध सापळ्यांतील (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांतील) पतंग मोजावेत, आणि कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर, म्हणजे फवारणीच्या खर्चापेक्षा नुकसान जास्त होईल इतक्या संख्येवर, पोहोचल्याखेरीज पंप उचलू नये. दुसरी फवारणी लागलीच, तर केवळ डब्यावरचे नाव बदलून भागत नाही; आतील घटकाचा गट बदलावा लागतो. दोन निराळ्या नावांच्या बाटल्यांत एकच औषध असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर करावी. जोराचा वारा असताना ती टाळावीच, पण हवा अगदी निपचित असतानाही बारीक थेंब हवेत तरंगत दूर जातात. हातमोजे, मुखपट्टी व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आणि शेवटची फवारणी व काढणी यांत लेबलवर सांगितलेले दिवस जाऊ द्यावेत.

डासांसाठी शेतातले औषध घरात कधीही वापरू नये. धूरफवारणीने उडते डास तेवढे मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून पिंपे आणि टायरांतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकावे. भातखाचरातही पीक सोसत असेल तिथे पाणी अधूनमधून पूर्ण आटू द्यावे.

औषधाची रिकामी बाटली ३ वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि बाटलीला छिद्र पाडावे, म्हणजे तिच्यात कोणी पिण्याचे पाणी भरणार नाही.