लघवीला जळजळ झाली की तीच जुनी गोळी? यूटीआय म्हणजे लघवीच्या मार्गाच्या इन्फेक्शनमधल्या या चुका टाळा

लघवीला जळजळ सुरू झाली की आधी 'उन्हाळी लागली असेल' म्हणून धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा वगैरे होतं, आणि तरी नाही थांबलं की घरातल्या कुणालातरी मेडिकलमध्ये पाठवायचं, मागच्या वेळच्या रिकाम्या स्ट्रिपचा फोटो देऊन. बायकांनो, हे खरंच थांबवा. त्या स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते ना, ती म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही.

मागच्या वेळी लागू पडली ती गोळी यावेळीही पडेलच असं नाही. साध्या यूटीआयमध्ये बहुतेक वेळा जंतू ई. कोलाय असतो आणि तो येतो आपल्याच आतड्यातून. तुम्ही घशासाठी, जुलाबासाठी, कशासाठीही अँटिबायोटिक घेतलं की आतड्यातले साधे जंतू मरतात, त्या औषधाला दाद न देणारे उरतात आणि मग पुढच्या वेळी तेच लघवीच्या मार्गात वर चढतात. नॉरफ्लॉक्स, सिप्रो या घराघरातल्या अँटिबायोटिक गोळ्या आता कितीतरी जणींना लागूच पडत नाहीत त्या यामुळेच.

दुसरी चूक फार कॉमन आहे, आधी दोन-चार गोळ्या घ्यायच्या आणि बरं वाटेना की मग लघवी तपासायला द्यायची. अशा वेळी कल्चरमध्ये (लॅबमध्ये लघवीतला जंतू वाढवून बघायची तपासणी) बऱ्याचदा जंतू वाढतच नाही, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि त्रास तसाच. पहिल्यांदाच साधी जळजळ असेल तर डॉक्टर कल्चरशिवाय औषध देऊ शकतात, पण वारंवार होत असेल, प्रेग्नन्सी असेल, ताप असेल किंवा औषधाने फरक पडला नसेल तर पहिल्या गोळीच्या आधी सॅम्पल द्या. नुसती रूटीन तपासणी पुरत नाही, त्यात पस सेल (पूच्या पेशी) दिसतात, कुठलं औषध चालेल ते कळत नाही. सॅम्पल देताना जागा पाण्याने धुवा, सुरुवातीची लघवी सोडून द्या, मधली धार डबीत घ्या, डबीच्या आत बोट लावू नका आणि तासाभरात लॅबला पोचवा, नाही जमलं तर फ्रीजमध्ये ठेवा.

रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. त्यात औषधांची यादी असते, समोर 'एस' म्हणजे चालेल, 'आर' म्हणजे जंतू दाद देणार नाही. पण 'एस' बघून स्वतःच औषध निवडू नका. उदाहरणार्थ नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या इन्फेक्शनला चांगलं चालतं, पण किडनीपर्यंत गेलेल्याला ते पुरत नाही, आणि डिलिव्हरी जवळ आली असेल किंवा किडनी कमजोर असेल तर ते टाळतात. ही गोळी साधारण 5 दिवस असते, जेवणासोबत घ्यायची, आणि बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करून उरलेल्या ड्रॉवरमध्ये ठेवायच्या नाहीत. जळजळीसाठी जे गोड सिरप मिळतं ते लघवी अल्कलाइन करतं आणि या गोळीचा असर ॲसिडिक लघवीत जास्त होतो, तेव्हा दोन्ही एकत्र घ्यायचं का ते विचाराच.

काहीच त्रास नसताना रिपोर्टमध्ये जंतू दिसले, विशेषतः घरातल्या आजींच्या, म्हणून लगेच अँटिबायोटिक सुरू करायची बहुतेकदा गरज नसते. प्रेग्नन्सी मात्र अपवाद, तिथे त्रास नसला तरी उपचार करावेच लागतात.

खाज आणि पांढरं जात असेल तर तो प्रॉब्लेम बहुधा वेगळाच असतो, फंगल असेल तर अँटिबायोटिकने उलट वाढतो.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत बरगड्यांखाली दुखणं, उलट्या, यातलं काहीही झालं तर घरी वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आणि पाळी गेल्यानंतर ज्यांना सारखं सारखं होतं त्यांनी दर वेळी नवीन कोर्स घेत बसण्याआधी गायनॅकला योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा, बऱ्याच जणींचं वारंवार होणं त्याने कमी होतं आणि लाजेपायी हे कुणी विचारतच नाही.