क्रीट बेट पाहायला जाताय? या चुका टाळा

ग्रीक बेट म्हटलं की डोळ्यांपुढे येतं सँटोरिनी. मग तोच हिशेब क्रीटला लावला जातो: एक हॉटेल, दोन दिवस, सगळं पाहून मोकळे. क्रीटच्या बहुतेक सहली इथेच फसतात. हे ग्रीसमधलं सर्वांत मोठं बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून निघालात तर कोल्हापूरही मागे पडेल. मधे प्सिलोरितिससारखा २,४५६ मीटर उंचीचा डोंगर, त्यामुळे दक्षिण किनाऱ्यावर जायचं तर वळणावळणांचे घाट. नकाशावर तासाभराचं दिसणारं अंतर सहज दोन तास खातं.

मुक्काम मध्यावरच्या हेराक्लिओनला आणि पाहायचा पश्चिम टोकाचा एलाफोनिसी समुद्रकिनारा, असं ठरवलंत तर दिवस गाडीतच जाईल. पश्चिमेसाठी हानिया (नकाशावर बहुधा ‘चानिया’ दिसेल), मध्य आणि पूर्वेसाठी हेराक्लिओन किंवा आगिओस निकोलाओस, असे दोन मुक्काम करा. हानिया आणि हेराक्लिओन दोन्हीकडे विमानतळ आहेत. एकीकडे उतरून दुसरीकडून निघता येतं का, ते तिकीट काढतानाच बघा. चारच दिवस असतील तर एकच बाजू घ्या. शिवाय त्यातच सँटोरिनीची एका दिवसाची फेरी कोंबू नका. बोटीतल्या दोन्ही वेळा धरल्या तर हाती गर्दीशिवाय फारसं काही लागत नाही.

क्नोसोस भर दुपारी, तेही एकटंच

क्रीटवरच्या प्राचीन मिनोअन संस्कृतीचा हा राजवाडा हेराक्लिओनपासून जेमतेम पाच किलोमीटरवर आहे. तिथे सावली फार कमी. क्रूझ जहाजांच्या बसगाड्या आल्या की सिंहासनकक्षासमोर लांब रांग लागते. म्हणून तिकीट ऑनलाइन काढून दरवाजे उघडतानाच पोचा आणि आधी सिंहासनकक्ष पाहून घ्या.

‘क्नोसोसला पाहण्यासारखं काही नाही, सगळं नकली आहे,’ ही तक्रार नेहमीची. ती पूर्ण खोटी नाही. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली इथे मोठं उत्खनन सुरू केलं आणि पुढे काँक्रीट वापरून काही भाग पुन्हा उभारले. ते लाल खांब त्यातलेच. भिंतींवर दिसतात त्या चित्रांच्या प्रतिकृती. मूळ चित्रांचे अवशेष हेराक्लिओनच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत: बैलावरून कोलांटी मारणारा तरुण, शिवाय इतर दालनांत हातांत साप धरलेली देवी आणि अजून कोणालाही खात्रीने वाचता न आलेली फाइस्तोसची तबकडी. संग्रहालय गाळून क्नोसोस पाहणं म्हणजे निम्मंच पाहणं. सकाळी राजवाडा, ऊन चढलं की संग्रहालय, हा क्रम ठेवा.

पुनर्बांधणी खटकत असेल तर दक्षिणेकडे फाइस्तोसच्या मिनोअन राजवाड्याला जा. तिथे काँक्रीटचे रंगीत खांब नाहीत. टेकडीवरचे रुंद दगडी जिने, खाली मेसाराचं मैदान, आणि गर्दी क्नोसोसच्या मानाने कितीतरी कमी. मला विचाराल तर दोन्हीत हाच उजवा.

समारिया घळीत गाडी वरच अडकते

समारियाची वाट सुमारे १६ किलोमीटरची. ओमालोसच्या पठारावर क्सिलोस्कालोहून सुरू होते आणि लिबियन समुद्रावर आगिया रुमेली गावात संपते. त्या गावाला रस्ताच नाही. त्यामुळे भाड्याची गाडी वर लावून उतरलात तर संध्याकाळी तुम्ही समुद्रकाठी आणि गाडी डोंगरावर! खालून बोटीने सुईया किंवा होरा स्फाकियोनला जायचं आणि तिथून बस. म्हणून हानियाहून सकाळची केटेल (तिथली सार्वजनिक बससेवा) बस घेणंच सोयीचं. परतीच्या बोटीची वेळ उतरायला लागण्यापूर्वीच माहीत हवी.

घळ साधारण मे ते ऑक्टोबर खुली असते, पण पाऊस किंवा तीव्र उष्णता असली की बंद ठेवतात. आदल्या संध्याकाळी हॉटेलात चौकशी करा. बंद निघाली, किंवा गुडघे कुरकुरत असतील, तर इम्ब्रोस घळ आहे: साधारण आठ किलोमीटर, तुलनेने सोपी. सतत उतारामुळे समारियात दमछाक होण्याआधी गुडघे बोलू लागतात, त्यामुळे साध्या चपला नकोत.

बालोस: रस्ता आणि वारा

बालोसच्या उथळ निळ्या खाडीकडे जाणारा शेवटचा सुमारे आठ किलोमीटरचा रस्ता कच्चा, दगडांचा. भाड्याच्या गाडीच्या अनेक करारांत कच्च्या रस्त्यावर टायर आणि गाडीच्या तळाला झालेलं नुकसान विम्यात धरत नाहीत. करार नीट वाचा. गाडीतळापासून पायऱ्यांनी खाली उतरायचं असतं, आणि भर उन्हात तेवढंच चढून यायचं.

किसामोसहून बोटीने गेलात तर हा त्रास नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो आणि फेऱ्या रद्द होतात. म्हणून बालोस शेवटच्या दिवसावर ठेवू नका. वारा असेल त्या दिवशी हानियाचं जुनं व्हेनेशियन बंदर किंवा आर्कादी मठ पाहून घ्या.

एलाफोनिसीची गुलाबी छटा शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे येते. ती फोटोत दिसते तितकी गडद नसते. वाळू खिशात घालून आणायची नाही, मनाई आहे.

स्पिनालोंगा या छोट्या बेटावर पूर्वेच्या मुक्कामावरून जा. व्हेनिसच्या काळातला तिथला किल्ला १९०३ ते १९५७ कुष्ठरोग्यांची वसाहत होता. आगिओस निकोलाओसहूनही बोटी आहेत, पण समोरच्या प्लाका गावातून काही मिनिटांतच पोचता. पाणी सोबत ठेवा.

गाडी घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. तिथे उजव्या बाजूने चालवायचं, आणि मागून वेगाने कोणी आलं की स्थानिक लोक कडेला सरकून वाट देतात. जेवणानंतर न मागता राकी या स्थानिक दारूची छोटी बाटली टेबलावर येते. चालकाने ती हसून बाजूला सारली तरी कोणी वाईट वाटून घेत नाही.