जिल्हा आरोग्य आराखडा: आकडेवारी वाचताना या चुका टाळा

लसीकरणाच्या अहवालात साध्य 108 टक्के दिसले की प्राथमिक आरोग्य केंद्राचे अभिनंदन होते आणि 70 टक्के दिसले की खुलासा मागवला जातो; वास्तविक दोन्ही वेळी पहिली शंका छेदाची, म्हणजे टक्केवारीसाठी उद्दिष्ट म्हणून धरलेल्या बालकांच्या संख्येची, घ्यायला हवी. हाती असलेली जनगणना 2011 ची आहे. तिच्यातील लोकसंख्येवर सरसकट वाढीचा दर लावून गावोगावची उद्दिष्टे काढली, तर शहरालगतची वाढती गावे शंभरी ओलांडतात आणि माणसे बाहेर पडलेली गावे कायम मागे दिसतात. आशांनी घरोघरी केलेले सर्वेक्षण, गरोदर मातांची नोंदवही आणि जन्मनोंदी यांचा मेळ घातल्याशिवाय उद्दिष्ट अंतिम करू नये.

स्थलांतराच्या भागात ही चूक अधिक महागात पडते. बीड जिल्ह्यातील हजारो ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुलाबाळांसह निघतात आणि गाळप हंगाम संपल्यावरच परततात. या काळात गावच्या यादीत असलेले बाळ प्रत्यक्षात सांगली किंवा कोल्हापूरकडे एखाद्या फडाजवळच्या खोपटात असते. तेथे लस मिळाली तर ती त्या केंद्राच्या खात्यावर जमा होते. मिळाली नाही तर दोन्हीकडच्या आरोग्यसेविका ते बाळ दुसरीकडचे समजतात. अशा तालुक्यांत केवळ वार्षिक सरासरी पाहून भागत नाही. महिनावार आकडे मांडावेत आणि फडावरील सत्रांसाठी लस व मनुष्यबळ यांची तरतूद हंगामापूर्वीच करावी.

मृत्यूंच्या आकड्यांत वेगळा घोळ होतो. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 नुसार नोंद घटना जेथे घडली तेथे होते. त्यामुळे दुर्गम पाड्यावरून जिल्हा रुग्णालयात पाठवलेली माता तेथे दगावली, तर तो मृत्यू शहराच्या खात्यात जातो आणि ज्या तालुक्यात रुग्णवाहिका वेळेवर मिळाली नाही तो तालुका कागदावर निर्दोष ठरतो. नियोजनासाठी मृत्यू राहत्या पत्त्यानुसार पुन्हा लावून घ्यावेत. बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत लक्षात घेता सासर आणि माहेर असे दोन्ही पत्ते टिपलेले बरे.

लहान आकड्यांवरून क्रमवारी लावणे ही तर सर्रास होणारी चूक आहे. सपाट भागात साधारण 30,000 लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. तेथे वर्षाला 450 जन्म होतात असे धरले आणि 2018-20 मधील राज्याचे माता मृत्यू प्रमाण, म्हणजे एक लाख जिवंत जन्मांमागे 33, त्याला लावले, तर सरासरी सहा-सात वर्षांत एक मातामृत्यू अपेक्षित ठरतो. एखाद्या वर्षी एक मृत्यू झाला म्हणून केंद्र वाईट ठरत नाही आणि शून्य झाले म्हणून चांगलेही ठरत नाही. येथे दर काढण्यापेक्षा प्रत्येक मृत्यूचे अन्वेषण करणे, विलंब घरी झाला, वाटेत झाला की दवाखान्यात हे शोधणे, कितीतरी उपयोगाचे आहे. पाच वर्षांचे आकडे एकत्र करून तालुकानिहाय तुलना मात्र सावधपणे करता येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे जिल्ह्यापर्यंतच बोलतात. ते तालुक्याला चिकटवू नयेत. पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातील काम 2019 मध्ये, म्हणजे कोविडच्या आधी झाले, हेही आराखड्यात नमूद करावे. आणि मासिक अहवालातील रिकामा रकाना शून्य धरण्यापूर्वी उपकेंद्राला एक फोन करावा: त्या महिन्यात रुग्ण नव्हते, की नोंद करणारे पदच रिक्त होते?