पाठीवरचा ताबा टिकवायचा असेल, तर पायांचा नाद सोडा

ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये प्रतिस्पर्ध्याची पाठ घेता येते, म्हणजे त्याच्या मागून चिकटता येतं, हे धरून चालतो.

एक हात त्याच्या खांद्यावरून, दुसरा बगलेखालून: हा सीटबेल्ट. चोकचा (गळा आवळायचा, खांद्यावरचा) हात आत, दुसऱ्या तळव्याखाली झाकलेला, म्हणजे तो त्याच्या हाती लागत नाही. कान त्याच्या कानाला. टाचा त्याच्या मांड्यांच्या आत: हे हुक. पावलं एकमेकांत अडकवू नका, तुमच्याच घोट्याला लॉक बसतो. आयबीजेजेएफच्या (या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना) स्पर्धांत दोन्ही हुक 3 सेकंद टिकले की 4 गुण. तिथे बॉडी ट्रँगलला (पायांचा त्रिकोण करून त्याची कंबर आवळणं) हे गुण मिळत नाहीत.

आता खरी मेख. "हुक घट्ट आवळ" हा सल्ला मी दोन वर्षं पाळला. मांड्या भरून यायच्या आणि माणूस निसटायचा तो निसटायचाच. कारण तो आधी पायांतून सुटत नाही, खांद्यांतून सुटतो. त्याला स्वतःची पाठ मॅटला टेकवायची असते. तुमचा हात बगलेखालून गेलाय, त्या कुशीवर तो कलतो, खालच्या हुकावरून कंबर सरकवतो, खांदे टेकवतो आणि तुमच्याकडे वळतो. खांदे टेकले की तुमचे हुक नुसते नावाला.

याची खूण छातीला कळते. घामाने भिजलेल्या गीला (सरावाच्या जाड अंगरख्याला) मध्येच गार हवा लागली, म्हणजे फट पडली. तेव्हा पाय आवळलेत तर तुमचीच कंबर मागे राहते आणि फट वाढते. हे कृपा करून करू नका. आधी बगलेतला हात वर ओढून छाती पुन्हा चिकटवा. मग खालचं पाऊल मॅटवर रोवा, कंबर त्याच्या पाठीमागे आणा आणि त्याला घेऊनच चोकच्या हाताच्या कुशीवर उलटा. हे सगळं त्याची कंबर मॅटला लागायच्या आत. त्या कुशीवर त्याला पळायला वाट फार कमी उरते.

उशीर झालाच, तर गेलेल्या हुकासाठी झटू नका. सीटबेल्ट धरून ठेवा, वरचा पाय त्याच्या पोटावरून पलीकडे टाका आणि माउंटवर या, म्हणजे त्याच्या अंगावर स्वार व्हा. पाठ गेली तरी माणूस तुमच्याच खाली राहतो.

सरावाला पार्टनरला सांगा: फक्त बगलेच्या बाजूने सुटायचं. दोन मिनिटं, चोक बंद. चोक लावायच्या घाईत छाती सुटते, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे असंच खेळा.